पालकांनी चहाला जावे

घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या कशा आपोआप साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. एक दिवस कपाटाचं दार उघडावं, तर सगळ्या अंगावर!

आमचं कपाट म्हणजे पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजच्या व्हरांड्यातलं टेबल. दहावीचा निकाल लागला की प्रिन्सिपल ते बाहेर काढतात, वर 'अकरावी मार्गदर्शन कक्ष' असा फलक लावतात आणि मागे आम्हा तिघांना बसवतात. कक्षाला भिंती नाहीत, पंखा नाही, पण फलक मोठा आहे.

तिघं म्हणजे कोण? सायन्सचे पाटील सर. फिजिक्स शिकवतात, मूळचे चिरनेरचे. आर्ट्सच्या मुकादम मॅडम. भूगोल शिकवतात आणि वर्गात मुलं कमी म्हणून कायम उदास असतात. आणि कॉमर्सची मी. माझ्या वर्गात मुलं इतकी, की मला उदास व्हायला वेळ मिळत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून एका मुलाला आपापल्या स्ट्रीमकडे इतकं ओढलं, की तो घाबरून दुसऱ्याच कॉलेजात गेला. तेव्हापासून प्रिन्सिपलांचा नियम आहे. टेबलावर बसून आपल्या स्ट्रीमची जाहिरात करायची नाही. केली तर शिक्षा म्हणून कँटीनचा चहा प्यायचा. पूर्ण कप!

तो चहा तुम्ही प्यायलेला नाही, म्हणून तुम्हाला ही शिक्षा हलकी वाटेल.

*

आता या चहाचा खरा उपयोग कसा सापडला ते ऐका.

एक आई मुलाला घेऊन आल्या. मी मुलाला विचारलं, "नाव काय रे तुझं?"

"अथर्व," आई म्हणाल्या.

"कुठला विषय आवडतो?"

"बायो! अगदी लहानपणापासून," पुन्हा आई.

पाटील सरांना काळजी वाटली. "घसा बसलाय का त्याचा?"

"छे हो, खूप बोलतो तो!" हेही आईच म्हणाल्या.

सर उठून उभे राहिले, अगदी अदबीनं. "ताई, उन्हातून आलात. समोर कँटीन आहे, गरम चहा घेऊन या. तोवर आम्ही फॉर्मचं बघतो."

ताई गेल्या. आम्ही तिघं पुढे सरसावलो. "हं, आता बोल बाळा!"

बाळानं कँटीनच्या दाराकडे पाहिलं. "सर, तो चहा प्यायला किती वेळ लागतो?"

"आमचा चहा? पंधरा मिनिटं कुठे गेली नाहीत. घोट उतरतच नाही."

"मग पहिली पाच मिनिटं मी नुसता बसू का? नंतर सांगतो."

आणि खरंच बसला की हो! आम्हीही बसलो. त्यानंतर तो असा काही बोलत सुटला, की आम्हालाच थांबवावं लागलं. त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. आधी पालकांचं ऐकायचं, मग पालकांना चहाला पाठवायचं, मग मुलाला विचारायचं.

*

पद्धत उत्तम चालली होती. अडली ती म्हात्रे शेठपाशी.

म्हात्रे शेठ उरण रोडवरच्या एका गावचे. न्हावा शेव्याच्या बंदराला कंटेनर वाहणारे त्यांचे ट्रेलर आहेत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन फोन आणि दोन्ही वाजते. सोबत मुलगी, ऋतुजा. शाळेत पहिली आलेली.

"सायन्स," शेठ खुर्ची ओढता ओढताच म्हणाले. "बायो. डाक्टर करायची हाय. आमचे गावात डाक्टर नाय. नव्या बिल्डिंगीत खाली गाळा ठेवलाय तिचे दवाखान्याला. शटर पन लावलाय!"

"आता गाळा रिकामाच असेल," मी म्हटलं.

"सध्या टायर ठेवलेत."

पाटील सर उठले. "शेठ, लांबून आलात. समोर चहा घेऊन या."

"च्या नको मना. ॲसिडिटी हाय."

"मग सरबत?"

"शुगर हाय."

"निदान गार पाणी तरी?"

शेठनी पिशवीतून स्वतःची बाटली काढून टेबलावर ठेवली. "पानी हाय."

वीस वर्षं फिजिक्स शिकवलेला माणूस, पण एवढी जड वस्तू त्यांनी कधी पाहिली नव्हती. शेवटी मुकादम मॅडमनी वडिलांच्या देखतच विचारलं, "बेटा, तुला काय वाटतं?"

"बाबा म्हणतील ते," ऋतुजा म्हणाली.

म्हणताना मात्र ती माझ्यासमोरच्या 'कॉमर्स' लिहिलेल्या पाटीकडे बघत होती. मला ते दिसलं. पण माझीच स्ट्रीम, मी बोलणार कशी? तेवढ्यात शेठचे दोन्ही फोन एकदम वाजले. "परत येतो" म्हणून ते मुलीला घेऊन निघाले. ऑनलाइन फॉर्म तसाच राहिला. लॉक करायची मुदत अजून होती, पण एकदा लॉक झाला की मग फिरणं नाही.

*

चहाची गोष्ट पनवेलभर व्हायला कितीसा वेळ लागणार! पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला: 'त्या टेबलावर चहा विचारतील. घेऊ नका. चहा पाजून मुलं फोडतात.'

दुसऱ्या दिवसापासून पालक येताना सांगतच यायचे, "आम्ही चहा पिऊन आलोय!"

एक जोडपं तर तयारीनं आलं. सरांनी चहाचं नाव काढताच आई उठल्या, वडील बसूनच राहिले. "आम्ही पाळीपाळीनं जाऊ," ते म्हणाले.

सर जराही विचलित झाले नाहीत. "जा की. पण तिथे आत्ता वडे निघतायत, त्यांना एकट्यांना घेऊन येता येणार नाहीत."

वडील गेले. मुलगी म्हणाली, "सर, वडे खरंच निघतायत का? मग मला पण जायचंय."

*

या सगळ्यावर कडी केली दोह्याच्या अब्बांनी.

सानिया नावाची मुलगी, तिची अम्मी, आणि टेबलावर आमच्या पेनस्टँडला टेकवलेला मोबाईल. मोबाईलमध्ये आखातातून, दोह्याहून व्हिडिओ कॉलवर अब्बा! खास सुट्टी काढून बसलेले.

"मॅडम, बच्चीच्या मुस्तकबिलचा, भवितव्याचा सवाल आहे," अब्बा म्हणाले. "आज फैसला करूनच मी उठणार."

अम्मी समजूतदार होत्या. आम्ही काही म्हणायच्या आत, "मी चहाला जाते," म्हणून स्वतःच गेल्या. पण फोनमधल्या माणसाला चहाला पाठवायचं कसं? पाटील सर हताश झाले.

मुकादम मॅडम मात्र मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांचे तंटे मिटवत आलेल्या बाई. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "भाईजान, इथे रेंज नाहीये. कँटीनमध्ये छान येते." फोन उचलला, कँटीनच्या टेबलावर साखरेच्या बरणीला टेकवला, आणि पद्धत म्हणजे पद्धत, म्हणून समोर चहाचा कप ठेवून आल्या!

"बोल बेटा," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या.

"मॅडम, मला आर्ट्स घ्यायचंय. जिऑग्राफी."

मुकादम मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षांनी कोणीतरी आपणहून भूगोल म्हणालं होतं! पण नियम होता. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे भूगोलाचं कौतुक आता मी करायचं!

"भूगोल... चांगला असतो," मी म्हणाले. "नकाशे असतात. रंगीत."

"डोंगर पण असतात," पाटील सरांनी भर घातली.

मुकादम मॅडमनी डोळे मिटून घेतले. नशीब, मुलगी आमच्यावर अवलंबून नव्हती. तिनं किनारे, वारे, बंदरं असं काय काय सांगितलं. आता प्रश्न अब्बांचा होता. मॅडम फोन आणायला गेल्या, तर फोनमधून जोरजोरात गप्पा चाललेल्या! समोर मघाशी आम्हीच चहाला पाठवलेले एक गृहस्थ अजून बसलेले.

"मॅडम, हे देशपांडेसाहेब," दोह्याहून अब्बांनी ओळख करून दिली. "यांचा मुलगापण आर्ट्स घेतोय. मला सगळं समजावलं त्यांनी. घेऊ दे सानियाला जिऑग्राफी! आणि माझा चहा यांनीच प्यायला. बेकार आहे म्हणतात."

*

चिरनेरचे एक आजोबा नातवाला घेऊन आले. पाटील सरांच्या गावचे, त्यामुळे सर त्यांच्यापुढे उभेच. नातवाला आर्ट्सला जाऊन इतिहास घ्यायचा होता.

"कशाला?" आजोबा कडाडले. "आमचे गावचा जंगल सत्याग्रह पुस्तकात हाय किती? चार ओळी! चार ओळींसाठी दोन वर्सं? मी सांगतो त्याला सगला, एका दुपारी!"

सरांनी चहा सुचवला. आजोबा आनंदानं गेले आणि गेल्या गेल्या त्यांनी कँटीनवाल्यालाच सत्याग्रह सांगायला सुरुवात केली.

"हे बघ," सर नातवाला हळूच म्हणाले, "आजोबा सांगतायत तर ऐकून घे एक दुपार."

"सर," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "ती दुपार मी पहिलीत असल्यापासून चालू आहे!"

*

म्हात्रे शेठ पुन्हा आले. या वेळी त्यांना एकच विचारायचं होतं. बायो घेतलं तर पोरगी नेमकी कशाची डाक्टर होईल? कारण पाटी रंगवायला द्यायची होती.

पाटील सरांनी आपली गाववाली भाषा काढली. "शेठ, घाई कशाला? आमी पन तिकरचेच. वाईच च्या घ्या."

"ॲसिडिटी हाय, सर."

तेवढ्यात फोन वाजला. व्हरांड्यात आवाज येईना, म्हणून शेठ बोलत बोलत गेटपर्यंत गेले. दोन मिनिटं का होईना, जागा सोडली!

ऋतुजा घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, मला कॉमर्स घ्यायचंय."

मी तोंड उघडलं.

"बोलू नका!" सर आणि मॅडम एकदम ओरडले. मी मिटलं.

"बाबांच्या गाड्या मला सांभाळायच्यात," ती म्हणाली. "तो धंदा मला पुढे करायचाय. मला त्यातलं आवडतं सगळं. कुठली गाडी कुठे अडकली, कोणाचा माल कधी उतरणार, सगळं."

"मग बाबांना सांग ना, बेटा," मुकादम मॅडम म्हणाल्या.

"कसं सांगू? गाळा ठेवलाय ना त्यांनी. गावातले लोक येता-जाता विचारतात, डॉक्टरीण कधी बसणार? तेव्हा बाबा किती खूश होतात, तुम्ही बघितलं नाही."

"मी सांगतो त्यांना," पाटील सर म्हणाले.

"नको सर. मीच सांगेन. पण त्यांचे फोन दोन मिनिटं गप्प बसतील तर ना!"

शेठ परत येताना दिसले आणि ती गप्प झाली. मला त्या पोरीची फार काळजी वाटली. तिला बेडूक-झुरळांच्या मागे दोन वर्षं घालवायला लागली असती, आणि वडिलांना बरं वाटावं म्हणून तिनं ती हसत घालवली असती. मी घरी जाऊन नवऱ्याशी उगाचच भांडले.

*

मधल्या दिवसांत खांदा कॉलनीतली चार मुलं आली. एकाच सोसायटीतली, पण वेगवेगळी आली. पहिला म्हणाला, "मला खरं तर कॉमर्स हवंय. पण माझे तिन्ही मित्र सायन्सला चाललेत, मी एकटा काय करू?"

दुसरा आला. त्यालाही कॉमर्स हवं होतं, पण त्याचे तिन्ही मित्र सायन्सला चाललेले. तिसरा तेच, चौथा तेच!

पाटील सरांनी चौघांना परत बोलावून ओळीत उभं केलं. "अरे गाढवांनो, तुमच्यातलं कोणीच सायन्सला जात नाहीये! मग सायन्स काढलं कोणी?"

चौघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक जण म्हणाला, "सर, वॉचमन अंकल!"

"काय?"

"निकालाच्या दिवशी गेटवर त्यांनी विचारलं, 'साइन्स लिया ना?' आम्ही चौघं एकदम 'हो' म्हणालो."

*

फॉर्म लॉक करायचा शेवटचा दिवस. टेबलासमोर रांग, व्हरांड्यात घाम आणि लॅपटॉपवर गोल फिरणारं चाक. त्या गर्दीत म्हात्रे शेठ आले. हातात पाण्याची बाटली, मागे ऋतुजा. तिचं तोंड बघूनच मी ओळखलं, अजून सांगितलेलं नाही.

"आज भरून टाकू," शेठ बसले. "सायन्स, बायो. दाबा."

पाटील सरांनी माऊसवर हात ठेवला, पण दाबेनात. सायन्सचा माणूस, समोर शाळेत पहिली आलेली मुलगी, आणि तरी सर सायन्सवर क्लिक करायला तयार नाहीत! मी ऋतुजाकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं. "बाबा, मला..."

आणि फोन वाजला!

शेठनी उचलला. यादव नावाचा त्यांचा ड्रायव्हर होता आणि तो एवढा ओरडत होता, की रांगेतल्या सगळ्यांना कळलं. तो कंटेनर घेऊन चुकीच्या यार्डात पोचला होता. यार्डवाला आत घेईना, मागे गाड्यांची रांग लागलेली, पुढचे-मागचे शिव्या देतायत. शेठही हिंदीतून ओरडायला लागले. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. माल ज्याचा होता, तो पार्टीवाला! आता शेठ दोन कानांना दोन फोन लावून ओरडत होते, आणि यादवला सांगायचं ते पार्टीला, पार्टीला सांगायचं ते यादवला ऐकवत होते.

ऋतुजानं हात पुढे केला. "बाबा, द्या इकडे."

शेठनी दिले. बहुतेक दमले होते म्हणून दिले.

"यादव अंकल, मैं ऋतुजा. यू-टर्न मत मारो, पीछे पूरा जाम है. गाडी साइड को लगाओ और पहले चाय पी लो. मैं फोन करती हूँ."

मग पार्टीला तिनं थोडक्यात सांगितलं, माल आजच उतरेल, थोडा उशिरा. मग स्वतःच्या मोबाईलवरून जिथे जायचं होतं त्या यार्डाला फोन केला. तिथल्या माणसाला ती 'काका' म्हणत होती, त्याच्या गुडघ्याची चौकशी करत होती. बोलता बोलता संध्याकाळची वेळ मागून घेतली, यादवला रस्ता सांगितला आणि दोन्ही फोन बाबांसमोर ठेवले. फोन गप्प होते.

रांगेतले लोक आपापले फॉर्म विसरून बघत होते.

"हा कवापासून करतेस?" शेठनी विचारलं.

"तुम्ही जेवायला बसता, तेव्हा फोन मीच उचलते ना."

"मंग ड्रायव्हर लोक मना कसा नाय बोलले?"

"त्यांना वाटतं, तुम्हीच सांगायला सांगितलंय."

शेठनी फोनांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती मान खाली घालून, पण अगदी स्पष्ट म्हणाली, "बाबा, मी डॉक्टर होईन पण. तुम्ही म्हणता तर नक्की होईन. पण मग गाड्या कोण बघेल?"

 शेठनी पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं, परत लावलं.  पाटील सरांचा हात अजून माऊसवरच होता.

मग शेठ उठले. "सर, तो तुमचा च्या कुठं भेटतं?"

 सरांनी नुसतं कँटीनकडे बोट दाखवलं.

"चला," शेठ म्हणाले. "तुमी पन चला. तुमी पन मॅडम, दोघी. उठा! तिचा ती भरंल."

आम्ही उठलो. मार्गदर्शन कक्षातले तिन्ही मार्गदर्शक म्हात्रे शेठच्या मागून चहाला गेलो आणि टेबलामागे ऋतुजा एकटी लॅपटॉप पुढे ओढून बसली.

चहा आला. शेठनी एक घोट घेतला. चेहरा वाकडा केला. कपात वाकून बघितलं.

"एवरा वाईट च्या पाजून तुमी लोकांची पोरं फोडता?"

आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. शेठनी तो चहा घोट घोट करत पूर्ण प्यायला. मग दारातून व्हरांड्याकडे पाहिलं. ऋतुजा अजून लॅपटॉपवरच होती.

"आजून एक सांगा," ते म्हणाले.

"शेठ, ॲसिडिटी..." पाटील सर म्हणाले.

शेठनी ऐकलंच नाही. दुसरा कप हातात घेतला. मग अगदी हळू आवाजात त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, दवाखान्याला शटर चालतंय. हापिसाला काच लावावी लागंल, नाय?"